कॅमेरा कळतो, बुडालेला पूल कळत नाही

मंडळी, हायवेवरचा रोजचा तमाशा तुम्हीही बघता. फोनमधली बाई सांगते, पुढे स्पीड कॅमेरा आहे. शंभरने पळणारी गाडी कचकन खाली येते, मागचा ट्रकवाला देवाचं नाव घेतो. कॅमेरा मागे पडला की पाय परत ॲक्सिलरेटरवर. आणि मेसेज आला की शिव्या ॲपला, 'सांगितलंच नाही राव!'

ॲप सांगणार तरी कुठून? एखादा ड्रायव्हर जाता जाता बटण दाबतो, तेच पुढच्याला दिसतं. तोवर स्पीडगनची गाडी दुसऱ्या फाट्यावर. ट्रॅफिकचंही तेच. रस्त्यावरचे फोन किती वेगाने सरकतात त्यावरून लाल-निळी रेघ. ऊस भरलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात उभी असेल तर रेघ निळीच राहते.

पण माझं भांडण ॲपशी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्यात स्पष्ट आहे, कॅमेऱ्याची नजर असलेल्या रस्त्याच्या आधी ठळक दिसेल असा इशाऱ्याचा फलक राज्य सरकारने लावायचा. हे काम सरकारचं, मोबाईल कंपनीचं नाही. आपल्याकडे फलक असतो, पण बाभळीच्या मागे, नाहीतर त्यावर भावी आमदारांचा वाढदिवस. दंड वसूल करायची यंत्रणा आली, फांदी छाटायला माणूस नाही.

हे नुसतं दोन हजारांचं दुखणं नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात, कोतूळजवळ, मॅप बघत आलेली गाडी रात्री थेट पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली पूल होता. गावाला माहीत होतं. पाहुण्याला कोण सांगणार? एक जण गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळली, तिघे गेले. दोन्हीकडे चर्चा मॅपचीच जास्त झाली. दोन ड्रम आणि एक दगड आडवा टाकायचं काम कुणाचं होतं, हे विचारणारे थोडे.

वेगात गाडी हाकणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. दंड व्हायलाच हवा, जरूर भरा. पण फलक न लावणाऱ्याला कुठलं चलान जातं?

तुमच्या रस्त्यावर झाकलेला, पडलेला किंवा नसलेलाच फलक दिसला तर किलोमीटरच्या दगडासकट फोटो पाठवा. चालत्या गाडीतून काढू नका, बाजूला थांबून काढा. सगळे एकत्र करून बांधकाम खात्याच्या टेबलावर ठेवतो आणि पोच घेतो.