आधीं मोजावें, मग बदलावें

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मजकडे आला. सातपूरच्या एका कारखान्यांत तो नुकताच कायम झाला असून, त्यानें शर्यतीच्या धर्तीची एक जुनी मोटारसायकल विकत घेतली होती. कसारा घाटांतील एका वळणावर गाडीचें मागचें चाक उडून बाजूस सरकलें व आपण पडतां पडतां वांचलों, ही हकीकत सांगून तो म्हणाला, "सर, मागचा शॉकअप बदलायचा आहे. परदेशी बनावटीचा, सोनेरी रंगाचा पाहून ठेवला आहे. साठ हजार पडतील. आईला तुम्ही जरा समजावून सांगा." हे साठ हजार रुपये धाकट्या बहिणीच्या परिचारिकेच्या शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेले होते, असें मागाहून त्याच्या आईकडून मला कळलें. आईची समजूत घालण्याचें काम मीं पत्करलें नाहीं. "शनिवारीं शाळा सुटल्यावर गाडी घेऊन ये, आणि येतांना मोजपट्टी आण," इतकेंच त्यास सांगितलें. त्या शनिवारीं जें आढळलें, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

मागील चाकाच्या ह्या आधारास पुस्तकांतून शॉक-ॲब्सॉर्बर म्हणतात. नांवावरून तो धक्के गिळणारा असावा असें वाटतें. परंतु वस्तुतः त्यांत दोन अगदीं भिन्न स्वभावाचे कामकरी एकत्र बांधलेले असतात. पहिला कामकरी स्प्रिंग. बैलगाडीस ती नसते, म्हणून वाटेंतील प्रत्येक धोंडा थेट पाठीच्या कण्यास कळतो. टांग्यास पोलादी पाटे असत, म्हणून त्यांत बसणें कांहींसें सुसह्य होई. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हुक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला, व तो आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी आजहि शिकतात: भार दुप्पट केला कीं दबणेंहि दुप्पट होतें. तथापि स्प्रिंग स्वतः कांहींच गिळीत नाहीं. घेतलेला धक्का ती क्षणभर जवळ ठेवते आणि जवळजवळ सगळाच परत करते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालविली, तर एका खड्ड्याची आठवण तिला पुढील शंभर पावलेंपर्यंत उड्या मारावयास लावील.

म्हणून दुसरा कामकरी लागतो. तेलानें भरलेल्या नळकांड्यांत एक दट्ट्या वरखालीं होतो. त्या दट्ट्यास बारीक भोकें व त्यांवर पातळ पोलादी चकत्या असतात. चाक हललें कीं तेलास त्या भोकांतून वाट काढावी लागते, आणि ह्या झगड्यांत चाकाच्या हालचालीची शक्ति उष्णतेंत रूपांतर पावते. खडबडीत रस्त्यावरून लांबचा प्रवास केल्यानंतर हें नळकांडें हातास गरम लागतें, तें ह्याच कारणानें. तेलांत हवा मिसळून फेंस झाला, तर तें दट्ट्यास अडवीनासें होतें; ह्यासाठीं पुष्कळशा चांगल्या नळकांड्यांत नायट्रोजन वायु दाबानें भरलेला असतो. स्प्रिंग भार सांभाळते, तेल आवर घालतें. आणि दोघांचें मिळून खरें काम बसणाऱ्यास सुख देणें हें नसून चाक रस्त्यास टेंकलेलें ठेवणें हें आहे. टायरचा रस्त्याशीं स्पर्श उण्यापुऱ्या तळहाताएवढा. तेवढा सुटला, कीं ब्रेक, वळण व वेग ह्यांपैकीं कशावरच आपली सत्ता उरत नाहीं.

पूर्वीं मागें दोन बाजूंस दोन शॉकअप असत. सीटखालीं एकच मोठा बसविण्याची जी रीत आज सर्वत्र दिसते, तिचें श्रेय बेल्जियममधील ल्यूसियां टिल्केन्स नांवाच्या अभियंत्याकडे जातें. यामाहा कंपनीनें त्याची योजना घेतली, आणि १९७३ सालीं हाकान अँडरसन ह्या स्वीडिश स्वारानें तसल्या गाडीवर २५० सीसीच्या मोटोक्रॉस शर्यतीचें जगज्जेतेपद मिळविलें. आमच्याकडे २००१ सालीं बजाजची पल्सर निघाली, तिला मागें दोन शॉकअप होते. २००८ सालीं यामाहाची आर-१५ व २०१२ सालीं चाकण येथें बनलेली केटीएम ड्यूक ह्या गाड्या एका शॉकअपवर आल्या, आणि तेव्हांपासून हा विषय आमच्या मुलांच्या तोंडीं बसला. अभिमानाची गोष्ट ही कीं, असे शॉकअप मोठ्या संख्येनें आमच्याच महाराष्ट्रांत बनतात. १९६१ सालीं स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडिया कंपनीचा एक कारखाना आपल्या नाशिकांत आहे, आणि वाळूजकडे एंड्युरन्स कंपनी हाच उद्योग करते. तेव्हां गाडीबरोबर आलेली वस्तु ती हलकी, व पेटींतून परदेशाहून आलेली ती भारी, असें सरसकट मानण्यास कांहीं आधार नाहीं. कारखानदाराची अडचण निराळी आहे. गाडीवर पन्नास किलोचा तरुण बसेल, कीं नवरा, बायको, मूल व गॅसची टाकी मिळून दोनशें किलो बसतील, हें त्यास ठाऊक नसतें. म्हणून तो मधला मार्ग काढतो, व उरलेलें काम धन्याकडे सोंपवितो. तें काम धनी बहुधा करीतच नाहीं.

आतां शनिवारची गोष्ट. प्रथम गाडी उचलून मागचें चाक अधांतरीं केलें, व चाकाच्या आंसापासून वर शेंपटीवर केलेल्या खुणेपर्यंतचें अंतर मोजलें. मग गाडी चाकांवर उभी करून तेंच अंतर घेतलें. आणि शेवटीं मालकास हेल्मेट-जाकिटासह वर बसवून तिसऱ्यांदां मोजलें. ह्या गाडीचें मागचें चाक सुमारें १२५ मिलिमीटर वरखालीं होऊं शकतें. स्वार बसल्यावर त्यांतील सुमारें तिसरा हिस्सा, म्हणजे ३५ ते ४० मिलिमीटर, खर्चीं पडावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आमच्या ह्या पंचावन्न किलोच्या तरुणाच्या भारानें गाडी अवघी १२ मिलिमीटर दबली! आधींच्या मालकानें स्प्रिंगवरील कडें शेवटच्या खांचेपर्यंत आवळून ठेविलें होतें. अशा गाडीचें चाक उंचवट्यावर चढतें, पण खळग्यांत उतरण्यास त्यास जागाच उरत नाहीं. तें हवेंत राहतें. घाटांत तेंच झालें होतें. शिवाय टायरांत पुस्तिकेंत सांगितल्यापेक्षां पुष्कळ अधिक हवा होती. गाडीबरोबर मिळणाऱ्या अर्धचंद्राकृति पान्यानें कडें सैल केलें, तेव्हां स्वारासह दबणें ३४ मिलिमीटरवर आलें, व नुसती गाडी ८ मिलिमीटर दबूं लागली. ह्यावरून स्प्रिंग त्याच्या वजनास योग्य आहे असें ठरलें.

पण सगळाच दोष कड्याचा नव्हता, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. सीट दाबून सोडली असतां गाडी एकदां वर येऊन स्थिर व्हावी. ही तीनदां झुलली. वांकून पाहतां दांड्यावर तेलाचा ओघळ होता. दुसरा कामकरी थकला होता. म्हणजे शॉकअप बदलणें जरूर होतें, हें मुलाचें म्हणणें खरेंच ठरलें. फक्त सोनेरी असणें जरूर नव्हतें. मूळ बनावटीचा नवा शॉकअप त्या परदेशी वस्तूच्या सहाव्या हिश्श्याहून कमी किमतींत मिळाला, आणि तो त्यानें आपल्या पगारांतून घेतला.

ह्यावरून भारी शॉकअप घेणें म्हणजे निव्वळ उधळेपणा, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. तें माझें मत नाहीं. मीं स्वतः तरुणपणीं उलट बाजूची चूक केली आहे. बायको व मूल मागें बसूं लागल्यावर गाडी खालीं टेंकूं लागली, तेव्हां कडें आवळलें कीं स्प्रिंग कठीण होते ह्या समजुतीनें मीं तें आवळीत गेलों. पण साध्या स्प्रिंगच्या बाबतींत ही समजूत खोटी आहे. कडें आवळल्यानें गाडीची उंची बदलते. स्प्रिंगचा कठीणपणा होता तेवढाच राहतो. खूण अशी कीं, स्वारासह दबणें योग्य असूनहि नुसती गाडी मुळींच दबत नसेल, तर स्प्रिंग नरम आहे. आणि नुसती गाडी फारच दबत असेल, तर स्प्रिंग कठीण आहे. दोन्हीं प्रसंगीं पान्यानें भागत नाहीं, स्प्रिंगच बदलावी लागते. ज्याचें वजन फार आहे, ज्यास बायकामुलांसह नित्य प्रवास घडतो, अथवा जो रीतसर शर्यतीच्या मार्गावर सराव करितो, त्यानें आपल्या वजनास साजेशी स्प्रिंग व दाब-उसळी निरनिराळी जुळवितां येईल असा शॉकअप घेतला, तर तो पैसा सत्कारणीं लागला असेंच मी म्हणेन. मात्र पंचाहत्तर किलोच्या स्वारासाठीं बांधलेली महाग वस्तु पंचावन्न किलोच्या मुलानें घेतली, तर त्याची गाडी पूर्वींपेक्षां वाईट चालेल; आणि इतके पैसे घातल्यावर तसें कबूल करण्याचें धैर्यहि त्यास होणार नाहीं.

एका गोष्टीविषयीं मात्र मला कडक शब्दांत लिहावेंसें वाटतें. शॉकअपच्या टोंकास लोखंडी तुकडे जोडून गाडीची शेंपटी उंच करण्याची खोड आपल्या शहरांत वाढली आहे. मागची बाजू उचलली कीं पुढील फोर्क अधिक उभा होतो, गाडी वळणावर घाईनें वळते व सरळ वेगांत अस्थिर होते. दिव्याचा झोत खालीं पडतो. बाजूचा स्टँड आंखूड पडून गाडी कलंडते. आणि सर्व भार कारखानदारानें कधीं न योजिलेल्या एका तुकड्यावर येतो. नोंदणीच्या दाखल्यांतील तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचीहि मनाई आहे.

पालकांस दोन शब्द. ह्या शाळेंत शिकणाऱ्या मुलांच्या हातीं अशी गाडी देण्याचें वय अजून आलेलें नाहीं. त्यासाठीं अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास वा गाडीच्या मालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षेंपर्यंत कैद होऊं शकते. पण मुलगा यंत्राविषयीं बोलूं लागला, तर त्यास केवळ "गप्प बस" म्हणूं नये. त्याच्या हातीं मोजपट्टी द्यावी. घरची सायकल, वडिलांची स्कूटर, ह्यांवरहि हेंच मोजमाप करितां येतें, आणि हुकचा नियम फळ्यापेक्षां तेथें लौकर समजतो. मुलाचा हट्ट पुष्कळदां नुसता हट्ट नसतो. त्यांत एक खरी तक्रार दडलेली असते. माझ्या विद्यार्थ्याची तक्रार खरी होती, उपाय तेवढा त्यानें जाहिरातींतून उचलला होता. आम्ही मोठी माणसें उपायावर रागावतों, आणि तक्रार तपासावयाची तशीच राहून जाते. त्या दिवशीं मींहि त्यास नुसता उपदेश करून परत पाठविलें असतें, तर तो तेलाचा ओघळ घेऊनच पुन्हां घाटांत गेला असता.

दिवाळीनंतर तो मुद्दाम भेटावयास आला. कसाऱ्याचें तेंच वळण, गाडी रुळावर चालावी तशी गेली म्हणाला. सोनेरी शॉकअपचा विचार सोडलेला नाहीं. पण आतां आधीं आपल्या वजनास कोणती स्प्रिंग लागेल तें विचारणार आहे, आणि त्यासाठीं दरमहा थोडें थोडें बाजूस टाकीत आहे. मला त्यांत गैर कांहींच दिसत नाहीं. बहिणीचें परिचारिकेच्या शिक्षणाचें पहिलें वर्ष सुरू झालें असून, तिची फी वेळेवर भरली गेली आहे.