प्रकाश आणि परवानगी

सेवाग्राम आश्रमात कनू गांधी यांना महात्माजींची छायाचित्रे काढण्याची अनुमती मिळाली, ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, छायाचित्रासाठी बापू मुद्दाम बसणार नाहीत आणि आश्रम खर्च देणार नाही. उपलब्ध प्रकाशातच त्यांनी बापूंचे जीवन टिपले.

मावळत्या सूर्यासमोर मात्र आकाश साधले तर चेहरा काळवंडतो, चेहरा साधला तर आकाश फिके पडते. म्हणून प्रथम आकाशानुसार कॅमेरा जुळवावा, मग मंद फ्लॅशने केवळ चेहरा उजळावा. फ्लॅशवर फिकट नारिंगी फिल्टर लावल्यास तो प्रकाश संध्यारंगात मिसळतो.

सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपून अंगणात बसलेल्या आजींचे छायाचित्र असे घेता येईल. परंतु तो लखलखाट डोळ्यांना सोसवेल का, हे आधी त्यांनाच विचारावे. नकार मिळाल्यास त्यांना पश्चिमेकडे तोंड करून बसवावे. सांजेचा उजेड पुरेसा असतो.