आठवड्याची वही

पेरणी कोणत्या दिवशीं झाली, बियाणें किती लागलें, मजुरी किती गेली, हें दिवाळीस विचारलें असतां पुष्कळ शेतकरी बंधूंस नक्की सांगतां येत नाहीं. स्मरणावर विसंबण्याची ही संवय आम्हांस पूर्वीं फार महाग पडली आहे. सन १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले. देणें किती व फेड किती, याचा लेख बहुधा सावकाराच्याच वहींत असे. सन १८७९ च्या कायद्यानें पावती व खातेउतारा मागण्याचा हक्क मिळाला; परंतु ज्यास वाचतां येत नाहीं, त्यास कागद असून नसल्यासारखाच.

म्हणून आमची सूचना अशी कीं, दर बाजारच्या दिवशीं दिवेलागणीनंतर घरांतील सर्वांनीं अर्धा तास एकत्र बसावें. शाळेंत जाणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें लिहावें. घरधनिणीस अवश्य विचारावें. दूध किती विकलें, निंदणीस किती बायका आल्या, कणगींत धान्य किती उरलें, हें तिच्याइतकें नेमकें कोणास ठाऊक नसतें. शेवटीं त्या आठवड्यांत वाचलेली एक उपयुक्त गोष्ट सांगावी, व ती कोणत्या वावरांत करून पाहावयाची तेंही टिपावें.

आम्हीं अशी वही ठेवली, तेव्हां पहिल्याच वर्षीं आमची एक चूक उघडकीस आली. घरच्या माणसांची मेहनत आम्हीं खर्चांत कधीं धरलीच नव्हती. ती धरतांच नफ्याचें म्हणून मिरविलेलें पीक तोट्याचें ठरलें. वाईट वाटलें, पण पुढील हंगामीं तें वावर आम्हीं दुसऱ्या पिकास दिलें. वाचकांनीं येत्या बाजारीं एक कोरी वही अवश्य आणावी.