साथीला दुय्यम म्हणू नका

माझ्याकडे माउथ ऑर्गन शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात सोलो मागतात. मी त्यांना अमेरिकी ब्लूज गायक मडी वॉटर्सचं १९५४ मधलं ‘हूची कूची मॅन’ ऐकवतो आणि सांगतो, गायकाच्या मागे कोण आहे तिकडे कान द्या.

मागे माउथ ऑर्गनवर लिटल वॉल्टर आहे. लुइझियानातून शिकागोला आलेला, विशीतला पोरगा. वाद्यं एक छोटासा तुकडा वाजवून एकदम गप्प होतात आणि त्या मोकळ्या जागेत मडीचा आवाज उतरतो. वॉल्टर तेवढ्या तुकड्यापुरता येतो, शब्द सुरू व्हायच्या आत बाजूला होतो. त्याचं हे थांबणं मला कुठल्याही तयारीच्या तानेपेक्षा अवघड वाटतं.

आणि तो काही नवखा नव्हता. १९५२ मध्ये त्याचं स्वतःचं ‘ज्यूक’, एकही शब्द नसलेलं, बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे अव्वल होतं. त्याने मडीचा बँड सोडून स्वतःचा काढला, तरी चेस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत मडीच्या साथीला तो येत राहिला.

वाद्य केवळ दहा छिद्रांचं. ब्लूजवाले सी पट्टीचा ऑर्गन घेऊन जीमध्ये वाजवतात, म्हणजे मोक्याचे सूर श्वास आत ओढताना लागतात आणि जिभेच्या, घशाच्या दाबाने खाली उतरवता येतात. वॉल्टर माइकसुद्धा ऑर्गनसोबत ओंजळीत घट्ट धरायचा. अॅम्प्लिफायरमधून सूर जाड आणि खरखरीत होऊन यायचा.

१९६८ मध्ये तो गेला. २००८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं ते साथीदारांच्या वर्गात. स्वतःची गाणी गाजलेल्या माणसाला साथीदार म्हणणं कुणाला कमीपणाचं वाटेल. मला तो सन्मान अगदी योग्य जागी झालेला वाटतो.

आपल्याकडे ‘दोस्ती’तला माउथ ऑर्गन राहुल देव बर्मन यांचा, हे रसिक आवर्जून सांगतात, कारण पुढे ते मोठे संगीतकार झाले. पण ‘शोले’तली अमिताभच्या ओठांवरची धून भानू गुप्तांनी वाजवली, हे ती धून गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? मोबाइलवर गाणं लावलं की गायक, संगीतकार, गीतकार दिसतात. वादक बहुधा नसतोच. मुंबईच्या स्टुडिओंत आयुष्य घालवलेले काही ज्येष्ठ वादक आज आपल्यात आहेत. कुठल्या गाण्यात कोण वाजवत होतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. संगीत कंपन्यांनी त्यांच्याकडे माणूस पाठवावा, नावं लिहून घ्यावीत आणि गाण्याखाली गायकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत द्यावीत. हे काम यंदाच सुरू व्हायला हवं.