पुढचा नंबर कुणाचा?

एका मोठ्या असाइनमेंटचे पैसे एकदाचे खात्यात जमा झाले. फ्रीलान्सरच्या घरात हा प्रसंग दिवाळीपेक्षा कमी नसतो. लगेच ४० हजार बाजूला काढले आणि जाहीर करून टाकलं, या वेळी म्युझिक सिस्टिमचं काहीतरी करायचंच!

ज्यांना हा किडा चावलाय त्यांना माहीत असेल, खरी डोकेदुखी पैसे जमवण्यात नसते, पुढचा नंबर कुणाचा हे ठरवण्यात असते. आमच्या कोथरूडच्या हॉलमध्ये बाबांचा जुना टर्नटेबल, ठीकठाक अँप्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर्स असा संसार आहे. यातलं नेमकं बदलायचं काय?

तापकीर गल्लीत दोन चकरा मारल्या. एका दुकानात आधी ‘सोबत कोणी दादा नाही आले का?’ असं विचारून झालं. मग सल्ला मिळाला, ‘मॅडम, पन्नास वॅटमध्ये मजा नाही, शंभरचा अँप घ्या.’ ऐकायला पटतं ना? पण गंमत अशी, की वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे जवळपास दहापट वॅट! एवढ्याशा हॉलमध्ये शेजारचे काका भांडायला येण्यापलीकडे काही साधलं नसतं. अँपचा नंबर कट.

मग फुकटातला अपग्रेड केला. आमचे स्पीकर्स शोकेसमध्ये, गणपती आणि ट्रॉफ्यांच्या मधोमध कोंबलेले होते. भिंतीला, त्यातही कोपऱ्यात चिकटवले की बेस फुगतो आणि गाणाऱ्याचा आवाज त्याखाली दबतो. ते भिंतीपासून दोन फूट पुढे घेतले, ट्वीटर कानाच्या उंचीवर आणला. दोन स्पीकर्स आणि बाबांची खुर्ची असा समान बाजूंचा त्रिकोण जमवला. फरशीवर सतरंजी टाकली. खर्च शून्य, फक्त सोफा सरकवताना माझी पाठ धरली.

दुसरा नंबर सुईचा. टर्नटेबलची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. रोज तासभर ऐकलं, तर दीड ते तीन वर्षं. आमची शेवटची कधी बदलली, हे घरात कोणालाच आठवेना! झिजलेली सुई नुसती खराब वाजत नाही, ती रेकॉर्डही खाते. नवी बसवली आणि आवाजावरची धूळ झटकल्यासारखं वाटलं.

उरलेल्या पैशांतून आता नवे स्पीकर्स, हे मनात पक्कं झालं होतं. फायनल टेस्टसाठी बाबांना खुर्चीत बसवलं आणि बाबूजींची एलपी लावली. मला शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. बाबा थोडा वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, ‘छान आहे गं. पण हल्ली शब्दच कळत नाहीत. माझ्या रेकॉर्डी खराब झाल्यात आता.’

आणि माझी ट्यूब पेटली. टीव्हीचा वाढलेला आवाज. फोनवर तीन-तीनदा ‘काय?’, आणि त्यावर मी केलेली चिडचिड. रविवारी मित्रांकडच्या बैठकीला जाणंही त्यांनी बंद केलं होतं. ‘कंटाळा येतो’ म्हणायचे.

ईएनटीकडे गेलो. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली आणि ऑडिओग्राम हातात आला. रेघ डावीकडे ठीक, उजवीकडे घसरगुंडी. डॉक्टरांनी सांगितलं, वयानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते पोचतात. स, श, फ, थ यांचा बारीक आवाज मात्र निसटतो. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. व्हॉल्यूम वाढवला, तर स्वरही तेवढेच वाढतात.

बाबांनी एकच विचारलं, ‘म्हणजे रेकॉर्डी ठीक आहेत ना?’ हो म्हटल्यावर हसून म्हणाले, ‘मग मीच झिजलोय होय!’

४० हजारांतले उरलेले आणि वर थोडे, सगळे कानाच्या मशीनमध्ये गेले. ‘म्हातारा दिसेन’ यावर आठवडाभर वाद झाला, तो वेगळाच. तुमच्या घरी ही वेळ आली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. आधी ट्रायल घ्या, कारण सवय व्हायला काही आठवडे जातात. आणि संगीतासाठी वेगळं सेटिंग मागून घ्या, कारण ही मशीन्स मुळात बोलणं ऐकण्यासाठी ट्यून केलेली असतात.

इअरबड्सवाल्या मंडळींनीही फार हसू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात. ९० ला गेलात, की फक्त ४!

तर माझा क्रम असा: आधी कान, मग जागा, मग सुई, मग स्पीकर्स, मग अँप. महागड्या वायरी सगळ्यात शेवटी.

गेल्या रविवारी तीच एलपी लावली. बाबा खुर्चीतून उठले. मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिनसलं. ते अँपपाशी गेले आणि व्हॉल्यूम कमी करून म्हणाले, ‘केवढ्याने लावतेस गं!’

नव्या स्पीकर्सचा नंबर पुढच्या असाइनमेंटला.