सायकलस्वाराला रस्ता नाकारणारे सरकार

पहाटे भोंपू वाजवत पार्से गावच्या वाड्यावाड्यांतून फिरणारा पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर असतो. त्याच्या टोपलीतल्या उंड्यांवर अर्ध्या गावाची न्याहारी होते. बांधकामावर जाणारा मजूर सायकलवर असतो. शाळेला निघालेले पोरही सायकलवरच असते. या माणसांसाठी गोवा सरकारने पेडणे तालुक्यात आजवर किती रस्ता राखून ठेवला? हातभर रुंदीचाही नाही! पेडणे, तुये, पार्से, आगरवाडा, चोपडे या वाटेवर एकदा उभे राहून पाहा. मांद्रे-हरमलकडे सुसाट सुटलेल्या भाड्याच्या गाड्या, टॅक्सी, चिरे आणि खडी भरलेले ट्रक. आणि डांबर संपते तिथे लगेच गटार. सायकलस्वाराची जागा त्या गटाराच्या कडेला. ही दुर्दैवाची गोष्ट नाही. कागदावर सह्या करून घेतलेला हा निर्णय आहे आणि तो घेणाऱ्यांना आम्ही जाब विचारतो.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. याच तालुक्यात 11 डिसेंबर 2022 रोजी मोपाच्या विमानतळाचे आणि धारगळच्या आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. विमानतळाला महामार्गाशी जोडायला अवघ्या काही किलोमीटरचा रस्ता झाला, त्यावर हजार कोटींहून अधिक खर्च आला. मांडवीवर 2019 साली पाच किलोमीटरचा अटल सेतू उभा राहिला आणि त्यावर दुचाकींना मज्जाव झाला. लोकांच्या पैशाने पूल बांधायचा आणि ज्या लोकांकडे चारचाकी नाही त्यांना त्याच्या तोंडावरून परत पाठवायचे, हा उघड अन्याय आहे. पैसा भरपूर आहे. तो कोणासाठी खर्चायचा, एवढेच सरकारने ठरवून टाकले आहे.

"सायकलवाले आहेत तरी किती?" हा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीतला आवडता प्रश्न. इंडियन रोड्स काँग्रेसने 1962 साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, सायकल मार्गांचे निकष छापले. तासाला दोनशेहून जास्त मोटारी धावणाऱ्या रस्त्यावर तासाला शंभर सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग योग्य ठरतो, असे त्यात म्हटले होते. हा नियम वाजवी वाटतो, पण त्यातली मेख पाहा. रस्ता आधी इतका भयंकर करून ठेवायचा की आईने मुलाची सायकल पडवीत टेकवून ठेवावी आणि त्याला स्कूटरच्या मागे बसवावे. मग रस्त्यावर येऊन सायकली मोजायच्या आणि "शंभर भरत नाहीत" असा शेरा मारायचा. पडवीत गंजत पडलेल्या त्या सायकली मोजा! गोव्यात आज जवळजवळ माणसांइतकीच वाहने झाली आहेत आणि रस्त्यांवर दरवर्षी अडीचशेहून अधिक जीव जातात. ही वाहने हौसेने वाढली असे म्हणणाऱ्यांनी आमच्या तालुक्यात संध्याकाळनंतर बसची वाट पाहावी.

युरोपची गोष्ट वेगळी, तिथे जमीन सपाट, असेही सांगितले जाते. नेदरलँड्सची जमीन पूर्वीही सपाटच होती. तरी 1971 साली तिथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांच्या हत्या थांबवा" हेच त्या चळवळीचे नाव होते. पुढे 1973 चे तेलसंकट आले आणि सरकारला ऐकावे लागले. आजचे तिथले सायकल मार्ग त्या संतापातून जन्मले. आमच्याकडे चढण आहे, पाऊस आहे, हे खरे. पण तीच चढण आणि तोच पाऊस आमचा पोदेर रोज तुडवतो.

पैसा मिळाला तरी तो कसा वाया जातो, हे शेजारी महाराष्ट्रात दिसते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात महापालिकेने डिसेंबर 2017 मध्ये शेकडो किलोमीटरचा सायकल आराखडा मंजूर केला. प्रत्यक्षात पट्टे तुकड्यातुकड्यांत राहिले. कुठे मधेच खांब, कुठे उभ्या मोटारी. तुटलेला पट्टा सायकलस्वाराला नेमका चौकात, सर्वांत धोक्याच्या जागी, मोटारींच्या पुढ्यात सोडतो. मुंबई महापालिकेने तर पवई तलावाच्या काठी भराव टाकून सायकल मार्ग काढला. उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये तो बेकायदा ठरवून भराव काढायला लावला. कामावर जाणाऱ्याची वाट बाजूला राहिली आणि पैसा फेरफटक्याच्या जागेवर गेला. पेडण्यात उद्या कुणी किनाऱ्यालगत असा देखावा मांडू पाहील, तर त्याला आमचा आताच विरोध आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2016 साली सांगितले की वाहतुकीच्या खर्चातला किमान पाचवा हिस्सा चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी ठेवावा. गोव्याच्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र शीर्ष हवे, आणि त्यातला पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये. यापुढे कडेची सुरक्षित जागा आराखड्यात नसेल तर हॉटमिक्स डांबरीकरणाची एकही निविदा निघता कामा नये. वस्तीतला रस्ता अरुंद असेल तर घरे आणि आंब्याची झाडे पाडू नका, गाड्यांचा वेग तासाला तीस किलोमीटरवर आणा. त्याला कोटी लागत नाहीत, हिंमत लागते. रस्त्याची रचना ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे जीव गेला, तर कंत्राटदार, सल्लागार आणि जबाबदार खाते यांना एक लाखापर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या 198अ कलमात 2019 पासून आहे. प्रत्येक मृत्यूचा ठपका मेलेल्याच्या बेपर्वाईवर ठेवून फाइल बंद करणाऱ्यांनी ते कलम आधी वाचावे.

पार्सेकरांनो, येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: शाळेच्या आणि बाजाराच्या वाटेवर सायकलला जागा नाही, तोवर गावात नवे डांबर नाही. आगरवाडा, तुये, मांद्रे येथील ग्रामसभांनीही हाच ठराव घ्यावा. पुढच्या डांबरीकरणाची निविदा निघण्याआधी तो मांद्रेच्या आमदारांच्या हातात पडला पाहिजे.