पाहुणचार आणि पाहणी

युरोपातील स्नेह्यांकडे महिनाभर राहून परतलेला मराठी सुशिक्षित काय सांगतो? स्वच्छ रस्ते, मिनिटाच्या हिशेबाने धावणाऱ्या आगगाड्या, शिस्तीच्या रांगा. खोटे त्यात काही नाही. परंतु तो रस्ता पहाटे झाडतो कोण, त्याला वेतन काय मिळते, तो आजारी पडल्यास औषधपाण्याचा खर्च कोण सोसतो, हे प्रश्न आपल्या प्रवासवर्णनांत क्वचितच डोकावतात. अलीकडे सहकारातले मानकरीही अभ्यासदौऱ्यांवर निघतात. हॉलंडच्या हरितगृहांची छायाचित्रे येतात. तेथील शेतमजुरांच्या संघटनेचे कार्यालय कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही!

याच मुलखातला एक माणूस १९६१ साली रशियाला गेला होता. अण्णाभाऊ साठे १९२० साली वाळवा तालुक्यातील वाटेगावात, मातंग कुटुंबात जन्मले. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ च्या विभाजनात ते दक्षिण साताऱ्यात गेले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगलीचे नाव मिळाले. शाळा त्यांना लाभली नाही. लहानपणी ते कुटुंबासह पायी मुंबईला आले, गिरणीत राबले. स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनी रशिया पाहण्यापूर्वी कितीतरी वर्षे आधी रचला होता. भूक सोसलेल्या माणसाने परदेश पाहिला, हेच ‘माझा रशियाचा प्रवास’चे मोल आहे.

म्हणून त्यातला शब्द न् शब्द शिरोधार्य मानावा असे मुळीच नव्हे. अण्णाभाऊ पाहुणे होते, आणि यजमान अंगण झाडूनच पाहुण्यास आत घेतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. जून १९६२ मध्ये नोवोचेर्कास्क येथे मांस-लोण्याची दरवाढ आणि घटलेली मजुरी यांविरुद्ध उठलेल्या कामगारांवर, स्वतःला कामगारांचे म्हणविणाऱ्या राज्याने गोळ्या झाडल्या व ती वार्ता अनेक वर्षे दडपली. समाजवाद्यांनी हे बोलताना चाचरू नये. मात्र त्यामुळे अण्णाभाऊंना मिळालेले उत्तर अपुरे ठरते; कष्टकरी कसा जगतो हा प्रश्न खोटा ठरत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या रुडोमिनो ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. गौरव योग्यच. पण सत्ताधाऱ्यांना अण्णाभाऊ मॉस्कोत, दगड-धातूत परवडतात. कृष्णाकाठी ते अडचणीचे होतात. दर हंगामात मुकादमाची उचल घेतलेली जोडपी मराठवाड्यातून सातारा-सांगलीच्या फडांत येतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, म्हणजे हिशेबात दोन माणसांचे एक अवजार! पाचटाच्या कोपीत बिऱ्हाड, मुलांची शाळा सुटलेली, आणि उचल फिटली नाही की पुढल्या हंगामाला पुन्हा तोच मुकादम.

कारखान्यांच्या वार्षिक सभांत सभासद-कार्यकर्त्यांनी विषयपत्रिका वाचून घरी जाऊ नये. परदेश दौऱ्याचा खर्च मंजुरीस आला की उठून विचारावे: तेथील हंगामी मजुराची राहण्याची सोय, वेतनचिठ्ठी आणि विमा पाहिलात काय? पाहिला असल्यास तो अहवाल सभेपुढे ठेवा; नसल्यास खर्च नामंजूर करा.